मस, चामखीळ आणि गाठी: आधी निदान, मग काढणे, आणि दोन्ही परवडेल अशा ठिकाणी

मानेवरची चामखीळ, बोटावरचा मस किंवा पाठीवरची गाठ काढून टाकायचे मनात आले की बहुतेक घरांत आधी खर्चाची चौकशी होते. ती रास्तच आहे, कारण खासगी दवाखान्यांतील दर गावागणिक आणि डॉक्टरागणिक बदलतात आणि ते फलकावर क्वचितच लिहिलेले असतात. परंतु त्वचेवर उठले आहे ते नेमके काय आहे, हे आधी कळायला हवे, आणि हे निदान सरकारी रुग्णालयात फुकट किंवा नाममात्र खर्चात होते. काढण्याची मुळीच गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले तर पुढचा सगळा खर्च वाचतो, आणि काढायलाच हवे असे ठरले तर कोणत्या पद्धतीने व कोणत्या विभागात, हेही त्या निदानावरूनच ठरते. खर्च खऱ्या अर्थाने वाढतो तो उलट्या क्रमाने गेल्यावर, म्हणजे आधी जाळून टाकले आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा उगवले म्हणून मग शोध सुरू झाला तर.

काय उठले आहे

मानेवर, काखेत आणि जांघेत लोंबणाऱ्या मऊ, देठ असलेल्या चामखिळी निरुपद्रवी असतात. वजन वाढलेल्या माणसांत, मधुमेहींत आणि गरोदरपणात त्या अधिक दिसतात. त्यांच्यासोबत मानेची कातडी काळवंडून मखमली झाली असेल, तर चामखीळ काढण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. अशा माणसाला चामखीळ काढण्यापेक्षा ती तपासणी कितीतरी अधिक उपयोगाची ठरते. गालांवर आणि डोळ्यांभोवती येणारे बारीक काळे मस सावळ्या वर्णाच्या लोकांत अतिशय सामान्य आहेत आणि पुष्कळदा आईवडिलांकडून आलेले असतात. त्यांपासून धोका नसतो, त्यामुळे ते काढावेत की नाही हा सर्वस्वी आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. पन्नाशीनंतर पाठीवर, छातीवर, कपाळाच्या कडेला जे खरखरीत, मेण चिकटवल्यासारखे तपकिरी डाग येतात तेही बहुतांशी वयाचेच लक्षण असते.

खडबडीत मस मात्र विषाणूमुळे येतात आणि पसरतात. हनुवटीवरच्या मसावरून रोज वस्तरा फिरत राहिला की त्याच रेषेत नवे मस उगवतात, म्हणून मस बरे होईपर्यंत त्या जागेची दाढी टाळावी आणि ब्लेड किंवा टॉवेल दुसऱ्या कोणाला देऊ नये. लहान मुलांचे मस पुष्कळदा दोनेक वर्षांत आपोआप जातात, तेव्हा दुखत नसतील तर मुलाला भाजण्याच्या किंवा गोठवण्याच्या उपचाराला सामोरे नेण्याची घाई करण्याचे कारण नाही.

तळपायाचा मस आणि कुरूप यांत तर हमखास घोळ होतो. लोक वर्षानुवर्षे कुरुपाच्या पट्ट्या लावत राहतात आणि पाय दुखायचा थांबत नाही. त्वचारोगतज्ज्ञ वरचा जाड थर पात्याने हळूहळू तासतात आणि खाली काय दिसते ते पाहतात. काळसर ठिपके किंवा बारीक रक्तबिंदू दिसले आणि बोटांवरच्यासारख्या त्वचेच्या रेषा त्या जागी तुटलेल्या असल्या, तर तो मस असतो. मधोमध काचेसारखा घट्ट गाभा दिसला आणि रेषा अखंड असल्या, तर ते कुरूप असते. दोन बोटांच्या चिमटीत बाजूंनी दाबल्यावर मस जास्त दुखतो, तर कुरूप सरळ वरून दाबल्यावर दुखते. दोहोंचे उपचार वेगळे आहेत. कुरुपाला चप्पल बदलल्याशिवाय आणि पायावरचा दाब हलवल्याशिवाय गुण येत नाही, मग ते कितीदाही कापले तरी.

त्वचेखालच्या गाठींपैकी चरबीची गाठ मऊ असते आणि बोटाखाली सरकते. मधोमध काळे टिंब असलेली, कधीकधी उग्र वासाचा पांढरा स्राव येणारी गाठ ही त्वचेखालची पिशवी असते. ती पिळली की आत फुटते, पिकते आणि ठणकते. अशी पिकलेली गाठ आधी चिरा देऊन रिकामी केली जाते आणि सूज ओसरल्यावर काही आठवड्यांनी पिशवीसकट काढली जाते, कारण पिशवीचा तुकडा आत राहिला तर गाठ पुन्हा भरते. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याजवळ पिवळट चकत्या उठल्या असतील तर त्या काढण्याआधी कोलेस्टेरॉलची तपासणी करावी.

एका गोष्टीकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कानाच्या पाळ्या जाड होऊन त्यांवर किंवा चेहऱ्यावर गुळगुळीत गाठी उठल्या असतील, भुवया विरळ झाल्या असतील, किंवा अंगावर स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. या गाठी कापून काढायच्या नसतात; बहुविध औषधोपचाराने त्या जिरतात आणि ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. या आजाराच्या नावाने दचकून खासगी ठिकाणी गुपचूप पैसे घालवणारी माणसे आजही आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

वाट पाहू नये अशी लक्षणे

तीळ किंवा डाग एका बाजूने वाढून वेडावाकडा होत असेल, त्याची कड पुसट किंवा दातेरी झाली असेल, एकाच डागात तपकिरी, काळा, निळसर असे रंग मिसळले असतील, तो सहा मिलिमीटरहून, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकाहून मोठा असेल किंवा गेल्या काही महिन्यांत बदलला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवावे. या सर्वांत बदल हे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यासाठी शंका असलेल्या तिळाचा, शेजारी पट्टी धरून, महिन्यातून एकदा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

मेलॅनोमा हा तिळासारखा दिसणारा कर्करोग भारतीयांत विरळा आहे. परंतु सावळ्या वर्णात तो उन्हाने करपलेल्या पाठीऐवजी तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली जास्त आढळतो, म्हणजे जिथे कोणी पाहत नाही तिथे. नखात उभी काळी रेघ उमटून ती रुंदावत असेल, किंवा तिचा काळेपणा नखाच्या मुळाकडच्या कातडीवर उतरला असेल, तर ठेच लागली असेल असे म्हणून सोडून देऊ नये. ठेचेचे साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते, ही रेघ मात्र जागची हलत नाही.

चेहऱ्यावर, विशेषतः नाकाच्या कडेला किंवा डोळ्याखाली, चकचकीत कडेचा फोड मधोमध खचून त्यावर खपली धरत असेल आणि ती निघाली की रक्त येत असेल, तर तो बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, असण्याची शक्यता असते. भारतीयांत तो पुष्कळदा काळसर असतो, त्यामुळे घरचे त्याला तीळच समजतात. तो सहसा शरीरात दूर पसरत नाही, पण जागच्या जागी खोल जातो, आणि लहान असतानाच काढला तर काम फारच सोपे असते. लहानपणी चुलीवर किंवा स्टोव्हने भाजलेल्या जुन्या व्रणावर अनेक वर्षांनी जखम होऊन ती भरत नसेल, कडा उंचावत असतील, तर तेही तातडीने दाखवावे, कारण अशा व्रणात कर्करोग होऊ शकतो. पाच सेंटिमीटरहून मोठी, झपाट्याने वाढणारी, टणक किंवा खोल रुतलेली गाठ आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पाहावी. चरबीची गाठ समजून ती छोट्या दवाखान्यात उघडू नये.

कुठे जावे

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा जिल्हा रुग्णालयात भेटतात, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन गेल्यास फेरी वाया जात नाही. प्रवास जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवर आधी सल्ला घेता येतो, मात्र बदललेला तीळ प्रत्यक्ष दाखवण्याला तो पर्याय नाही.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्या मोफत उपचारांच्या निर्णयात येत नाहीत, तरी तेथील केस पेपर आणि छोट्या शस्त्रक्रियांचे शुल्क खासगी दरांच्या मानाने अगदी कमी असते. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरात घाटी, कोल्हापुरात सीपीआर, गोव्यात बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), अशा ठिकाणी त्वचारोग आणि शल्यचिकित्सा हे दोन्ही विभाग आणि विकृतिशास्त्राची (पॅथॉलॉजीची) प्रयोगशाळा एकाच आवारात असतात. माझ्या मते शंकास्पद डागासाठी हीच जागा योग्य, कारण काढलेला तुकडा तपासणारे डॉक्टर तिथेच असतात आणि अहवाल वाचून पुढे काय करायचे हे ठरवणारेही तिथेच असतात. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा. पहिल्या दिवशी बहुधा फक्त तपासणी होते. मस जाळणे किंवा गाठ काढणे यासाठी आठवड्यातील ठरावीक वार असतो, तो तिथल्या परिचारिकेला विचारून केस पेपरवर लिहून घ्यावा. त्याआधी साखर, एचआयव्ही, कावीळ ब अशा रक्ततपासण्या सांगितल्या जातात. त्या पहिल्याच दिवशी उरकल्या तर एक खेप वाचते.

गुप्तांगावर मस आले असतील तर लाजेपोटी जाहिरातीतल्या औषधांकडे वळणे हा सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी असलेल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी मोफत होते, समुपदेशक असतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. जोडीदारालाही तपासावे लागते, आणि स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी त्याच वेळी करून घ्यावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल गैरसमज फार आहेत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ मध्ये नाव बदललेली ही योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. परंतु दिसण्यासाठी काढायचे मस आणि बाह्यरुग्ण विभागातले साधे उपचार तीत बसत नाहीत. अहवालात कर्करोग निघाला तर मात्र तीच सर्वांत मोठा आधार ठरते. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि विकृतिशास्त्राचा अहवाल घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना भेटावे.

मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. भूल देऊन मोठी गाठ काढायची असेल, दाखल व्हावे लागणार असेल, तर प्रवेशाआधीच तेथील समाजसेवा अधीक्षकांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवून अर्ज करावा. बिल हातात आल्यावर मागितलेली सवलत मिळवणे फार कठीण जाते. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्या कामगाराने आधी आपला विमा दवाखाना गाठावा. खासगी आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची कामे वगळलेली असतात, म्हणून गाठ वैद्यकीय कारणासाठी काढायची असल्यास ते कारण डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट लिहून घेऊन कंपनीची पूर्वसंमती घ्यावी.

खासगी दवाखान्यात जाताना

जवळ सरकारी रुग्णालय नसेल किंवा वेळ नसेल तर खासगी तज्ज्ञाकडे जाण्यात गैर काहीच नाही, फक्त ते तज्ज्ञ असावेत. त्वचारोगातील एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही.एल. अशी पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो, तो पाहावा. सौंदर्य उपचार केंद्रात यंत्र कोण चालवणार आहे हे विचारण्याचा संकोच करू नये. चरबीच्या आणि पिशवीच्या गाठींसाठी शल्यचिकित्सक चांगले. पापणी, नाक, ओठ यांवरील मोठ्या कामासाठी प्लास्टिक सर्जनचे मत घ्यावे.

दर विचारताना तो एका मसाचा आहे की एका बैठकीचा, हे पहिल्यांदा विचारावे. मानेवर वीस चामखिळी असतील तर या एका प्रश्नाने बिलात मोठा फरक पडतो. तपासणी फी, भूल, ड्रेसिंग, टाके काढणे आणि तुकड्याची तपासणी त्यात धरली आहे का, आणि मस पुन्हा आला तर दुसऱ्या बैठकीचे किती, हेही आधीच बोलून घ्यावे. लेझर म्हणजे सर्वोत्तम, असा एक समज आहे. साध्या चामखिळीला भुलीचे मलम किंवा इंजेक्शन देऊन कात्रीने छाटणे किंवा विजेच्या सुईने जाळणे पुरते. त्यासाठी लेझरचे पैसे मोजण्याची गरज नसते. द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे विषाणूजन्य मसांना चांगले लागू पडते, पण आपल्या वर्णावर त्या जागी पांढरा किंवा काळा डाग राहू शकतो, आणि बहुधा दोन-चार बैठका लागतात. छाती, खांदा आणि कानाची पाळी या जागी पूर्वी जखमेचा व्रण फुगून उठला असेल, तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काहीही काढून घेऊ नये.

हृदयाचा पेसमेकर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, गरोदरपण आणि भुलीच्या इंजेक्शनचा पूर्वी झालेला त्रास, या गोष्टीही न विचारता सांगाव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

कोणत्याही डागाबद्दल जरा जरी शंका असेल तरी तो जाळू किंवा लेझरने उडवू देऊ नये, कारण जळालेल्या कातडीतून तपासायला काही उरत नाही. तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा भूल देऊन बाह्यरुग्ण विभागातच काढता येतो आणि काही दिवसांत अहवाल मिळतो. सुई किंवा पाते लागले की कर्करोग पसरतो, ही भीती त्वचेच्या बाबतीत निराधार आहे आणि तिच्यामुळे उशीर झालेले रुग्ण फार वाईट अवस्थेत येतात. तुकडा बाहेरच्या प्रयोगशाळेत तुम्हालाच न्यायला सांगितला तर तो फॉर्मॅलिनमध्येच, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, असावा, पाण्यात किंवा कोरडा नसावा, आणि बाटलीवर नाव, वय, जागा व तारीख लिहिलेली असावी. न लिहिलेली बाटली प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या बाटलीशी बदलण्याचा धोका असतो.

घरी काय करावे, काय करू नये

हाताच्या किंवा पायाच्या साध्या मसासाठी सॅलिसिलिक आम्लाचे द्रावण औषधाच्या दुकानात मिळते आणि डॉक्टरांनी निदान केल्यावर तेवढ्यावरही भागू शकते. रोज रात्री मस पाच मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा, वरचा मऊ झालेला थर कानशीने हलकेच घासावा, भोवतीच्या कातडीला व्हॅसलीन लावावे आणि मग फक्त मसावर थेंब सोडावा. ती कानस पुन्हा नखांसाठी वापरू नये. याला तीन महिने लागू शकतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. चेहऱ्यावर, गुप्तांगावर, तिळावर आणि मधुमेही माणसाच्या पायावर हे औषध कधीही लावू नये.

बिब्बा, चुना आणि धुण्याचा सोडा, रुईचा चीक, उदबत्तीचा चटका हे उपाय मात्र पूर्णपणे टाळावेत. बिब्बा उतला की मसाच्या दहापट जागा फोडांनी भरते आणि तो काळा डाग वर्षभर जात नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. चामखिळीला केस किंवा दोरा बांधल्याने ती काळी पडून गळतेही, पण त्याआधी ती पिकण्याची शक्यता असते, आणि बांधलेली वस्तू चामखीळच होती याची खात्री कोणी केलेली नसते. जत्रेत किंवा फुटपाथवर तीळ काढून देणाऱ्यांची सुई एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते, त्यामुळे कावीळ ब आणि एचआयव्ही यांचा धोका खरा आहे. ऑनलाइन मिळणारे तीळ जाळण्याचे पेन आणि बिननावाची मलमे यांच्याही वाटेला जाऊ नये.

काढल्यानंतर

जाळलेल्या जागी खपली धरते, ती आपोआप पडू द्यावी. दिलेले मलम लावावे आणि उन्हात जाताना जागा झाकावी, नाहीतर तिथे काळवंडते आणि ते फिके पडायला काही महिने जातात. टाके चेहऱ्यावरचे साधारण पाच ते सात दिवसांत, पाठीचे दहा ते चौदा दिवसांत निघतात. पायाचे त्याहून थोडे उशिरा. लाली पसरत असेल, पू येत असेल किंवा ताप आला असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जावे.

विकृतिशास्त्राचा अहवाल आणायला स्वतः जावे किंवा घरच्याला पाठवावे, कारण गर्दीच्या रुग्णालयात तो आपल्याकडे चालत येत नाही. अहवालात काढलेल्या तुकड्याच्या कडा आजारापासून मोकळ्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे. त्या मोकळ्या नसतील तर आजार तिथे शिल्लक आहे असा त्याचा अर्थ होतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. मूळ अहवालासोबत तपासलेल्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळाही मागता येतो. पुढे टाटा स्मारक किंवा अन्य कर्करोग रुग्णालयात जावे लागले तर तेथील डॉक्टर तेच आधी मागतात, आणि ते जवळ असले तर बहुधा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.